मदत हवी आहे: जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलू?

मंडळी, माझा पीसी २०१७ चा आहे, आय फाईव्ह ७५०० प्रोसेसर (सीपीयू), जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड सहा जीबीवालं, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक आणि गेम्स अजून हार्डडिस्कवरच. १०८०पी (फुल एचडी) वर खेळतो. नवीन ओपन वर्ल्ड गेममध्ये गर्दीच्या भागात शिरलं की फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन पडतात, तेव्हा बघितलं तर सीपीयू १०० टक्के आणि ग्राफिक्स कार्ड जेमतेम ६०-६५ वर, म्हणजे मला तरी अडचण सीपीयूचीच वाटतेय पण मित्र सगळे म्हणतात आधी कार्ड बदल.

हार्डडिस्कऐवजी वेगवान एसएसडी घेणार हे नक्की, ती पुढच्या पीसीतही चालेल. खरा घोळ पुढे आहे. या मदरबोर्डावर फार तर आय सेव्हन ७७०० बसतो, ४ कोर ८ थ्रेड, आठव्या जनरेशनचा चालतच नाही. शिवाय माझा प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

मग सेकंडहँड आय सेव्हन शोधू, की बोर्ड-प्रोसेसर एकदमच बदलू? एएमडीचा एएम४ सॉकेटवाला बोर्ड घेतला तर रॅम हीच चालेल, दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरून जास्त वेग) करता येईल, त्यांच्याच नव्या एएम५ सॉकेटला मात्र डीडीआर५च लागते. कोणी असा बदल केला असेल तर फ्रेम्समध्ये खरंच किती फरक पडला ते सांगा प्लीज. आणि हो, पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आहे, तोही तेवढाच जुना, पुढे नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं तर त्यासोबत ठेवावा का?