पाच वर्षांच्या लेकीला माझा आजार कसा सांगू?

प्रश्न:
मला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होतेय. लेक ५ वर्षांची. घरचे म्हणतात तिला काही सांगू नकोस, आईला बरं नाहीये एवढं पुरे. पण ती ऐकत असते हो सगळं, परवा बाहुलीच्या कानात सांगत होती, "हळू बोल, आई रडेल." पोटात कालवलं माझ्या. किती सांगू, कसं सांगू?

प्रतिसाद १:
सांग, आणि कॅन्सर हे नाव घेऊनच सांग. नुसतं "बरं नाहीये" म्हटलंस तर उद्या तिला साधी सर्दी झाली तरी घाबरेल. तुझ्यामुळे झालं नाही, माझ्याजवळ बसलीस तरी तुला होणार नाही, आणि शाळेतून तुला कोण आणणार, एवढं तरी सांगच. त्यातलं पहिलं परत परत सांग, कारण या वयात मुलांना वाटतं आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. माझा मुलगा तेव्हा ४ वर्षांचा होता, ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी बुटाचा वेलक्रो लावता लावता विचारतो, "मी तुला झोपेत लाथ मारलेली ना, म्हणून झालं?" इतके दिवस ते पोर हे मनात घेऊन फिरत होतं गं.

प्रतिसाद २:
केसांचं आधीच सांगा. तुमच्या औषधाने केस जाणार का ते डॉक्टरांना विचारून घ्या, जाणार असतील तर बहुतेक पहिल्या केमोनंतर २-३ आठवड्यांत गळायला लागतात. भराभर वाढणाऱ्या पेशींवर औषध काम करतं, केसांची मुळंपण तशीच, म्हणून गळतात आणि नंतर परत येतात, इतकं मुलांना कळतं. अजून एक, केमोत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे तिला सर्दी-ताप असेल तेव्हा तुम्हाला लांब राहावं लागेल, ते का हे आधी बोलून ठेवा नाहीतर आई मला जवळ घेत नाही असं तिच्या मनात बसेल.

प्रतिसाद ३:
मी ६ वर्षांची असताना बाबा हॉस्पिटलमध्ये होते आणि मला सांगितलं कामाला गेलेत. खोटं कळल्यावर कितीतरी वर्षं कुणी कुठे निघालं की मला धडकी भरायची. "तू मरणार का" असं तिने विचारलं तर शपथा घेऊ नका, डॉक्टर खूप प्रयत्न करतायत आणि काही बदललं तर तुला मीच सांगेन, असं म्हणा. आणि ते पाळा.

प्रश्नकर्ती:
काल सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी वेणी कोण घालणार?" आज सकाळी बाबांनी घातली, सैल झालीये, पण तशीच मिरवतेय. झोपताना परत विचारलं, माझ्यामुळे नाही ना झालं? परत सांगितलं.