अल्‌ राझीने पारा आणि नवसागर एकाच गटात का ठेवले?

प्रश्न: पारा धातू, नवसागर क्षार. इराणमधल्या रे शहरातल्या किमयागार अल्‌ राझीने (सुमारे ८६५–९२५) दोन्ही एकत्र का घेतले?

प्रतिसाद १: कसोटी आगीची आहे. तापवल्यावर उडून जातात ते ‘आत्मे’: पारा, गंधक, नवसागर आणि हरताळ-मनशीळ (आर्सेनिकची खनिजं). आगीत टिकतात ते ‘देह’, म्हणजे सोनं, चांदी, तांबं वगैरे. पदार्थ प्रत्यक्षात कसा वागतो हे पाहून केलेली ही विभागणी मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

प्रतिसाद २: कृती पाहिली की पटतं. कोरडा नवसागर कुटून तळाशी, वर उपडं भांडं, सांध्याला मातीचा लेप. सुमारे ३३८ अंश सेल्सिअसला त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू होतात. वरच्या थंड भागावर ते पुन्हा जुळून पांढरा थर बसतो. लेप तडकला तर वायू निसटतात. वरचं भांडंही तापलं तर थर धरतच नाही, म्हणून आच फक्त खालून. हरताळावर मात्र हे करू नका, आर्सेनिकची वाफ जीवघेणी.

प्रश्नकर्ता: आणि नायट्रिक आम्लाच्या कृतीचं श्रेय किमयागार जाबिरला देतात, त्याचं काय?

प्रतिसाद १: ती कृती ‘गेबर’ (जाबिरचं लॅटिन रूप) या नावाने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथांतली, १३०० च्या आसपासची. जाबिर आठव्या शतकातला, म्हणजे ती त्याची नव्हे.