मदत हवी आहे: कोबुर्गच्या नगरचिन्हातले संत मॉरिस

नमस्कार मंडळी. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या कोबुर्ग शहराच्या नगरचिन्हावर सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णीय पुरुषाचं मस्तक आहे, कानात डूल. रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही तेच! हे शहराचे रक्षक संत मॉरिस, इजिप्तहून आलेल्या रोमन पलटणीचे नायक. १९३४ साली नाझींनी ते काढून मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली. १९४५ मध्ये संत परतले. २०२० मध्ये हे चित्र वंशवादी म्हणून बदलण्याची मागणी झाली. मला ते सन्मानाचंच वाटतं, पण डूल आणि ठसठशीत ओठ खटकतात. जर्मनीतल्याच माग्डेबुर्ग शहरातल्या तेराव्या शतकातल्या पुतळ्यात ते चिलखतातले रुबाबदार योद्धे दिसतात. मग कोबुर्गला हे रूप कधी आलं? शहराचे कागदपत्रांवरचे जुने शिक्के कुठे पाहायला मिळतील? जर्मनीतल्या कुणाला ठाऊक असल्यास कृपया सांगा.