मदत हवी आहे: वर्दीतल्या माणसाला नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कुठला कायदा आहे?

नमस्कार मंडळी,

कायद्याची माहिती असलेल्यांनी आणि फौजेत नोकरी केलेल्यांनी कृपया वेळ काढून वाचा. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती लष्करात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, अधिकारी आहे. नोकरीचं नववं वर्ष चालू आहे. दहाव्या वर्षी परमनंट कमिशनसाठी, म्हणजे कायम होण्यासाठी, निवडीचं बोर्ड बसतं, म्हणजे हातात वेळ थोडा आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. धाकटी चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून) पास झाली त्या दिवशी आईने आणि अण्णांनी तिच्या खांद्यावरचे तारे उघडले, आणि लगेच अण्णा दोन पावलं मागे सरून ताठ उभे राहिले. लेकीला सलाम केला. तिनेही तसाच परत केला. तो दिवस आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा संपवून ती हजर झाली. तोवर तिचे सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, ९ पैकी ८ चे होते. हजर झाल्यानंतरच्या पहिल्याच सीआरमध्ये ६ आले. आयओंनी (अहवाल लिहिणाऱ्या पहिल्या साहेबांनी) पेन पिक्चरमध्ये, म्हणजे शब्दांतल्या शेऱ्यात, लिहिलंय की कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे हिचं लक्ष विभागलेलं दिसतं. एका कोर्ससाठी तिचं नाव जायचं होतं, तेही गेलं नाही. "बाळ लहान आहे, तू कशी जाणार?" असं तोंडी सांगितलं. जाणार का, असं तिला कुणी विचारलंच नाही. सासूबाई तिच्याबरोबर राहायला तयार होत्या.

रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मागे बाळ कुरकुरत होतं. म्हणाली, "ताई, सही करताना हात थांबला गं. पण साहेब समोर बसले होते. केली सही."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला दोन्ही वेळा १८० दिवस रजा मिळाली आणि रुजू झाल्यावर गोपनीय अहवालात कुणी ब्र काढला नाही. काढला असता तर आमची संघटना होती, शिक्षणाधिकारी होते, कोर्ट होतं. धाकटीला संघटना नाही, निवेदन नाही, मोर्चा नाही. नोकरीत भेदभाव करू नये म्हणून जे कायदे आहेत ते वर्दी घातलेल्या माणसाला लागू होतात की नाही, एवढंच मला सरळ कळायला हवंय. सीआरवर सही केली म्हणजे तिने ते मान्य केलं असं धरतात का? आणि तक्रार केलीच तर कुणाकडे?

अण्णा म्हणतात, फौजेत तक्रार करणारा मागे पडतो, गप्प बसून पुढचा सीआर ९ चा आणायचा. त्यांचं मन मोडवत नाही, पण बहिणीचा तो फोन कानातून जात नाही.

प्रतिसाद: निवृत्त सुभेदार, कोल्हापूर

ताई, पहिली विनंती. युनिटचं नाव, ठिकाण, साहेबांचं नाव इथे लिहू नका. अजून लिहिलेलं नाही ते बरं केलंत. सीआर गोपनीय कागद असतो. त्याचा फोटो कुणाला पाठवू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा नको. त्यावरून उलट बहिणीवरच ठपका यायचा.

तुमच्या अण्णांचं म्हणणं आमच्या पिढीचं आहे. मीही तसाच वागलो. पण आमच्या वेळी सैन्यातल्या लोकांसाठी वेगळं ट्रिब्युनल (न्यायाधिकरण) नव्हतं, आज आहे. तक्रार करणं हा बेशिस्तपणा नाही. आर्मी अ‍ॅक्टमध्येच तिची वाट दिलेली आहे, जवानाला कलम २६ आणि ऑफिसरला कलम २७. फक्त पायरी चुकवायची नाही. आधी आपल्या सीओंमार्फत (कमांडिंग ऑफिसर), मग वर.

प्रतिसाद: वकील, मुंबई

ताई, "नोकरीतला भेदभाव बंद" असा एकच सर्वांना लागू कायदा आपल्याकडे सिव्हिलियनलाही नाही. वेगवेगळे तुकडे आहेत, आणि कारखाने, दुकानं, कंपन्यांसाठी केलेले तुकडे लष्करी युनिटला लागू पडत नाहीत. म्हणून कायद्यांची यादी शोधत बसलात तर निराशा होईल.

आधार घटनेचा आहे. कलम १४, १५ आणि १६, म्हणजे समानता, भेदभावाला बंदी आणि सरकारी नोकरीत समान संधी. लष्कर हीही सरकारी नोकरी आहे. कलम ३३ मुळे सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क कमी करता येतात हे खरं, पण ते संसदेने, कायदा करून, आणि कर्तव्य व शिस्त राखायला लागेल तेवढेच. संघटना काढणं, वर्तमानपत्रांशी बोलणं यावर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ खाली बंधनं आली ती याच वाटेने. बाईने मूल जन्माला घातलं म्हणून तिचे गुण कमी करावेत, असं संसदेने कुठेही म्हटलेलं नाही. एखाद्या साहेबांच्या मताने तर कलम १४ बाजूला सरत नाहीच.

आता निकाल. १७ फेब्रुवारी २०२० चा बबिता पुनिया खटला तुमच्या बहिणीला माहीत असणार. बायकांची शरीरयष्टी, मातृत्व, घरच्या जबाबदाऱ्या ही सरकारने पुढे केलेली कारणं सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि शॉर्ट सर्व्हिसमधल्या महिलांचा परमनंट कमिशनसाठी विचार करायला लावला. तुम्ही सांगितलेलं पेन पिक्चरमधलं वाक्य त्याच जातकुळीचं आहे.

त्याहून जवळचा निकाल २५ मार्च २०२१ चा, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांचा. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याचा फटका एकाच गटाला बसतो, तोही भेदभावच, असं कोर्टाने त्यात स्पष्ट केलं. या महिलांचे जुने सीआर ज्यांनी लिहिले त्यांनी, हिला कुठे परमनंट व्हायचंय, असं धरून ते निष्काळजीपणे लिहिले, हेही कोर्टाने हेरलं. म्हणजे सीआर हा कोर्टाने हात लावू नये असा कागद नाही.

लष्करी नर्सिंग सेवेतल्या सेलिना जॉन यांचंही सांगतो. १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून त्यांना सेवेतून काढलं. तसा नियम होता, तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. लखनौच्या ट्रिब्युनलने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. पण मधली वर्षं मोजा. जिंकूनही उमेदीची नोकरी परत आली नाही. म्हणून मी पक्षकाराला सांगतो की कागद वेळेत करा.

तुमच्या बहिणीची वाट अशी. आधी नॉन-स्टॅच्युटरी, म्हणजे लष्कराच्या आतली तक्रार, लेखी, योग्य मार्गाने. त्या तक्रारीने समाधान झालं नाही तर कलम २७ खाली केंद्र सरकारकडे स्टॅच्युटरी, म्हणजे कायद्यातली तक्रार. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याने झालेलं. आधीच्या पायऱ्या चढल्याशिवाय ते सहसा दार उघडत नाही. तक्रारीवर सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर पायरी चढली असं धरतात, आणि तिथून पुढे सहा महिन्यांत अर्ज करायचा. अंतिम उत्तर आलं तर त्या तारखेपासून सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

इथे खूप जण चुकतात ते सांगतो. रजा, बदली आणि पोस्टिंग हे विषय या न्यायाधिकरणाच्या कक्षेतून वगळलेले आहेत. अर्जात "बाळंतपणाची रजा घेतली म्हणून त्रास" एवढंच लिहिलं की समोरचा वकील म्हणणार, हा रजेचा वाद आहे, इथे चालत नाही. वाद रजेचा नाही, सीआरचा आहे. ८ वरून ६ का झाले, कामात काय उणं निघालं, लेखी समज कधी दिली होती का, हे मांडा. आयओंच्या हाताखाली प्रत्यक्ष हजेरीचे दिवस किती भरले तेही मोजा. रजेच्या वर्षात तिथेच गोम असते.

सहीबद्दल काळजी करू नका. ती सीआर पाहिल्याची सही असते, कबुलीची नव्हे. आरओ आणि एसआरओंनी (आयओंच्या वरच्या, अहवाल तपासणाऱ्या साहेबांनी) काय गुण दिले ते तिला दिसत नाहीत, पण न्यायाधिकरण पूर्ण सीआर मागवून बघू शकतं. पटलं तर शेरा रद्द करून बोर्डाला नव्याने विचार करायला लावतं. मुंबईत खंडपीठ आहे, महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी. बहिणीची पोस्टिंग दुसरीकडे असेल तर तिथलं खंडपीठ बघावं लागेल. आणि २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर उच्च न्यायालयाचं दारही उघडं आहे हे नक्की झालंय.

प्रतिसाद: सान डिएगो, अमेरिका

मूळची पुण्याची. माझी मुलगी इथल्या नेव्हीत आहे, म्हणून लिहितेय. इथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध आहे. १९७२ मध्ये तो केंद्र सरकारच्या नोकरांना लागू झाला, त्यात लष्करी खात्यांचा उल्लेखही आहे. पण कोर्टांनी त्याचा अर्थ तिथले सिव्हिलियन कर्मचारी असा लावला. एकाच तळावर टंकलेखन करणारी बाई या कायद्याखाली दावा लावू शकते, शेजारची वर्दीतली मुलगी नाही. पाच कृष्णवर्णीय नौसैनिकांनी वंशभेदाबद्दल आपल्या वरिष्ठांवर भरपाईचा दावा केला होता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो चालवू दिला नाही. मुलीला त्रास झाला तेव्हा दलाच्या आतल्याच समान संधी कार्यालयात तक्रार करावी लागली. नोकरीची नोंद दुरुस्त करणारं मंडळही आहे. वकीलसाहेबांचं वाचून वाटलं, तुमच्याकडे निदान घटनेचं नाव घेऊन दार ठोठावता येतं. ठोठवाच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदारकाका, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. "आर्मी अ‍ॅक्टमध्येच वाट आहे" इथे त्यांनी हात वर केला, म्हणाले परत वाच. मग बराच वेळ गप्प होते.

बहिणीशी बोलले. सीआरवर सही केल्याची तारीख तिने लिहून ठेवलेली आहे. हजेरीचे दिवस ती मोजतेय. लेखी समज तिला एकदाही मिळालेली नाही. उलट रजेवर जायच्या आधी तिच्या कामाबद्दल कौतुकाचं पत्र आलं होतं, ते तिने जपून ठेवलंय. कोर्सचं मात्र सगळं तोंडी झालंय, त्याचा कागद नाही. वकीलसाहेब, तो मुद्दा पहिल्याच अर्जात घालावा की सीआरपुरतंच बोलावं, एवढं सांगाल का?

पुढच्या आठवड्यात ती चार दिवसांच्या सुट्टीवर घरी येतेय. मसुदा ती इंग्रजीत करणार आहे. अण्णांनी काल संध्याकाळी तिला स्वतःहून फोन लावला. म्हणाले, "मेमसाब, अर्ज मला आधी मराठीत वाचून दाखवायचा. आणि त्यात 'विनंती' एकदाच लिही."