कन्नड कादंबरी मराठीतून वाचावी की मुळातून? सध्या आपण काय वाचत आहात?

प्रश्न : एक वाचक, शहापूर (बेळगाव)

सप्रेम नमस्कार. गेले पंधरा दिवस मी एस. एल. भैरप्पा यांची १९६५ सालची 'वंशवृक्ष' ही कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून वाचत आहे. नंजनगूडला कपिला नदीच्या काठी राहणारे श्रीनिवास श्रोत्री, त्यांची विधवा सून कात्यायनी आणि तिचा पुनर्विवाह हा कथाभाग आपणांस ठाऊक असेलच. श्रोत्री घरात बोलू लागले की मराठी वाक्याच्या मागून मला कन्नड बोलणे ऐकू येते. अनुवादिका मूळच्या बेळगावच्या असल्यामुळे असे होते, की बाजारात आणि बसमध्ये दिवसभर कन्नड ऐकणाऱ्या माझ्याच कानाचा हा परिणाम आहे, हे मला ठरवता येत नाही. शाळेत कन्नड शिकलो. परंतु अख्खी कादंबरी त्या लिपीत कधी वाचलेली नाही. मूळ पुस्तक हाती घ्यावे काय?

आणखी एक मत नोंदवतो. इतिहासकार सदाशिवरावांच्या ग्रंथलेखनाचा भाग मला फार आवडला, मात्र कात्यायनीच्या वाट्याला लेखकाने जरा जास्तच दुःख दिले आहे, असे वाटते.

उत्तर १ : खानापूर

मी ही कादंबरी आधी मराठीतून आणि दोन वर्षांनी मुळातून वाचली, म्हणून अनुभवाने सांगते. आपल्याला ऐकू येणारे कन्नड बहुधा भैरप्पांचे नाही, ते आपल्या बाजारपेठेचे आहे. 'काय करताय?' हे आपल्याकडे 'एन माडाकत्तीरि' असे विचारतात, तर म्हैसूरकडे 'एन माड्तिद्दीरा'. भैरप्पा हासन जिल्ह्यातले, कथा नंजनगूड-म्हैसूरची. त्यामुळे मूळ पुस्तकातील कन्नड मला सुरुवातीला परक्या गावच्या पाहुण्यासारखे वाटले आणि पहिली चाळीस पाने अडखळतच गेली. उलट मराठी अनुवाद पहिल्या पानापासून घरचा वाटला होता. म्हणून आपण अनुवाद आधी पूर्ण करावा आणि मग मुळातील एखादे आवडते प्रकरण मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचताना जी अक्षरे अडतात, ती मोठ्याने वाचताना कानाच्या आधाराने सुटतात.

कात्यायनीविषयी मात्र मी असहमत आहे. मुलाला श्रोत्रींकडे ठेवून तिला जावे लागते, तेव्हापासून तिची बोच बाहेरून कोणी लादलेली राहत नाही, ती त्याच घराच्या संस्कारांत घडलेल्या मनाची आहे. लेखकाने तिला सुखी दाखवले असते तर मला ते खोटे वाटले असते. नागलक्ष्मीवर, म्हणजे सदाशिवरावांच्या पहिल्या पत्नीवर, झालेला अन्याय मला अधिक सलतो, आणि त्याबद्दल वाचक फारसे बोलत नाहीत.

उत्तर २ : हुक्केरी तालुका

माझ्या हातात सध्या विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आहे, जिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची ही कादंबरी मी तटस्थपणे वाचू शकत नाही, कारण घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या पाण्याखाली आमच्या आजोबांची जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले आणि हुन्नूरचे जुने विठ्ठल मंदिर वर आले, की आजोबा काठावर जाऊन बराच वेळ उभे राहत. या कादंबरीतील कागदपत्रांचे, हेलपाट्यांचे, टोलवाटोलवीचे तपशील काही वाचकांना लांबलेले वाटतात. माझ्या मते तेच तिचे खरे बळ आहे, कारण त्या काळातील दमणूक तेवढीच लांब होती.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की संध्याकाळी मी एकेक प्रकरण आमच्या शेजारच्या कन्नडभाषक काकांना तोंडी कन्नड करून सांगतो. त्यांचीही जमीन त्याच पाण्यात गेली आहे. 'मोबदला' या शब्दासाठी ते 'परिहार' म्हणतात. मराठीत परिहार म्हणजे निवारण. आमच्या आजोबांच्या हाती आलेल्या रकमेने कशाचे निवारण झाले, असा विचार मनात येऊन त्या दिवशी मला पुढे वाचता आले नाही.

उत्तर ३ : निपाणी

मी 'स्वामी' तिसऱ्यांदा वाचत आहे. रणजित देसाई आपल्या शेजारच्या कोवाडचे, म्हणून आपुलकी आहेच. पण या वेळी भाषा थोडी जड वाटली, आणि माधवराव व रमाबाई यांचे थेऊरचे प्रसंग मात्र पूर्वीइतकेच हलवून गेले.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. नागलक्ष्मीचे प्रसंग मी घाईने वाचले होते, ते काल रात्री पुन्हा वाचले आणि खानापूरच्या ताईंचे म्हणणे पटले. अनुवाद संपला की मूळ पुस्तकातील नदीच्या पुराचे प्रकरण मोठ्याने वाचीन. हुक्केरीच्या बंधूंना विनंती आहे, की 'झाडाझडती' संपल्यावर त्या काकांचे मतही येथे अवश्य कळवावे.