पट्टी सोडली तरी पेटीचा (हार्मोनियमचा) सूर थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळाची पेटी पावसाळ्यापासून बिघडली आहे. मधल्या सप्तकातली पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) दाबून सोडली, तरी भात्यात हवा असेपर्यंत सूर चालूच राहतो. आम्ही काळी एकला, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून गातो, त्यामुळे हा सूर नेमका तीव्र मध्यम (चढा म) होऊन प्रत्येक अभंगात घुसतो. म्हातारी मंडळी गाताना मध्येच थांबतात, ते बघवत नाही.

मी पाहिलं ते सांगतो. पुढच्या खुंट्यांपैकी सतत एकच सूर धरणाऱ्या सगळ्या बंद आहेत, कपलरही (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी जोडणी) बंद. पट्टी शेजारच्या पट्टीला घासत नाही, पूर्ण वर आल्यासारखी दिसते. पण तिचं पुढचं टोक बोटानं किंचित वर रेटलं की सूर लगेच बंद! म्हणजे पट्टीखालची झडप भोकावर घट्ट बसत नाही, असं मला वाटतं. स्प्रिंग गंजून ढिली पडली असेल, झडपेचं चामडं दमटपणानं फुगलं असेल, की बुक्क्याचा कण किंवा अक्षतेचा दाणा अडकला असेल?

वरची फळी काढून ती एकच पट्टी उचलता येते का? स्प्रिंग थोडी वाकवून ताण वाढवला तर चालेल? कुणी पेटी उन्हात ठेवा म्हणतं, पण लाकूड तडकेल म्हणून मी ठेवली नाही. कार्तिकीपूर्वी दुरुस्त व्हायला हवी. बेळगाव किंवा मिरजेकडचा जाणता कारागीर माहीत असेल तर कृपया कळवा.