हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर रात्री कोल्हापूर गायब, नागपूर मात्र खणखणीत. का?

तरंगवेडा: पुण्याहून ७.१ मेगाहर्ट्झवर सकाळी कोल्हापूरचा सिग्नल एस ९ (जोरदार), भर दुपारी एस ५ (मध्यम). रात्री उशिरा कोल्हापूर साफ बंद, पण नागपूर जोरात. १०० वॅट, इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराचा डायपोल, म्हणजे दोन तारांचा अँटेना), मध्य १२ मीटरवर, एसडब्ल्यूआर (अँटेनाचा मेळ; १ म्हणजे उत्तम) १.३. उंची वाढवू की लिनिअर (पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर) घेऊ?

डायपोलवाला: दोन्ही नको, पैसे वाचवा. रात्रीचा प्रकार स्किपचा आहे, म्हणजे सिग्नल जवळचं ठिकाण ओलांडून दूर उतरतो. रेडिओ लहरी परतवणारा आयनोस्फिअरचा एफ२ थर साधारण ३०० किमीवर धरा. सरळ वर सोडलेली जी कमाल फ्रिक्वेन्सी तो परतवतो, ती क्रिटिकल फ्रिक्वेन्सी. समजा रात्री ती ६ मेगाहर्ट्झवर उतरली. कोल्हापूर जेमतेम २०० किमी, म्हणजे किरण जवळजवळ उभा, क्रिटिकलला गुणायचा गुणक १.०५, मर्यादा ६.३. तुमचे ७.१ थर भेदून निघून जातात. नागपूर ६२० किमी, किरण तिरका, गुणक १.४४, मर्यादा ८.६. म्हणून ते लागतं. ४०० वॅट लावलेत तर तेही अवकाशातच!

रात्री ८० मीटरवर या. ३.६ मेगाहर्ट्झच्या डायपोलची लांबी १४३ ÷ ३.६ = ३९.७ मीटर, म्हणजे एका बाजूला १९.८५. तार २५ सेंमी जास्त ठेवा, मग एसडब्ल्यूआर बघत छाटा. ४० च्याच फीड पॉइंटला (जिथे केबल अँटेनाला जोडतात) जोडता येईल, फक्त तारांच्या दोन्ही जोड्यांची टोकं एकमेकांपासून लांब ठेवा. जवळ आली की ट्यूनिंग सरकतं.

तरंगवेडा: मग दुपारीही ८० चालेल ना?

डायपोलवाला: नाही. दुपारी ६० ते ९० किमीवरचा डी थर सिग्नल खातो, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी केली की डेसिबलमधलं शोषण साधारण चौपट. दुपारी ४० वरच थांबा. उंचीही वाढवू नका; २१ मीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर, डायपोल डोक्यावर जवळपास काहीच फेकत नाही.

एफदोन: एक भर. युरोप-अमेरिकेतले तक्ते इथे जसेच्या तसे लावू नका. चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं. तिथून वर उचललेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना साचतात, आपल्याकडे अहमदाबादच्या आसपास. त्यामुळे दुपारनंतर आपला एफ२ चांगलाच भरलेला असतो, आणि पहाटेआधी पार रिकामा. सूर्यास्तानंतर आवाज थरथरायला लागला तर तो स्प्रेड-एफ (एफ थर विस्कटणं), रिगचा म्हणजे रेडिओ सेटचा दोष नव्हे.

आणि दिवसा बँड अचानक मेला तर आधी कोअॅक्स (अँटेनाची केबल) उपटू नका. बँडवरचा नॉईजही बसला असेल, आणि तासाभरात आधी २० मीटर, मग ४० सावरत असेल, तर ती सौर ज्वाला.